भिंगबाईंचा सहावा पाय

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भिंगबाईंनी निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना ऑफिसातून एक पाय चोरला, ही बातमी सकाळी दूध घ्यायला उतरलेल्या दहा जणांना कळली आणि नवाच्या आत चाळीस जणांना पाठ झाली. कुणाचा पाय, हे कुणी विचारलं नाही. चांगली बातमी हाती आली की माणूस तिला असले प्रश्न विचारून नाराज करत नाही. दुपारपर्यंत तो पाय हाडाचा होता, संध्याकाळी चांदीचा झाला, आणि तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी तर तो बाईंच्या पिशवीतून डोकावताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

बातमी साफ खोटी. ती माझ्या तोंडून निघाली असं जे म्हणतात तेही अर्धंच खरं आहे. मी जिन्यात एवढंच म्हणालो होतो की बाईंच्या ऑफिसात एका पायावरून कटकट चालू आहे. दागिने पुढच्यांनी घातले. खरा प्रकार नेमका उलटा होता. बाईंनी पाय चोरला नव्हता, होते त्यापेक्षा एक जास्त दिला होता. तोही छत्तीस वर्षांपूर्वी, एका मेलेल्या भुंग्याला. आता जाता जाता त्यांना तो परत घ्यायचा होता आणि ऑफिस सोडायला तयार नव्हतं.

भिंगबाई हे नाव आम्ही ठेवलेलं. कीटक आणि रानटी झाडांच्या एका जुन्या संग्रहालयात त्या चित्रकार होत्या. चित्रकार म्हटल्यावर डोळ्यांपुढे सूर्यास्त आणि होड्या येतात. बाईंनी आयुष्यात सूर्यास्त काढला नाही. त्यांनी उवेची नखं काढली, मुंगीची कंबर काढली, गवताच्या एका कुसळाला तीन आठवडे दिले. कावळ्याच्या पिसाच्या टोकासारखी बारीक निब, काळी शाई, चुकलेला ठिपका खरवडायला दाढीचं पातं आणि डोळ्याला भिंग, एवढा त्यांचा संसार. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास, कारण किड्यांच्या पेट्यांत त्या गोळ्या असतात. लिफ्टमध्ये बाई नसल्या तरी त्या नुकत्याच वर गेल्या हे कळायचं.

त्यांच्या धंद्याचे नियम कडक. उजेड नेहमी डावीकडून वरून आलेला दाखवायचा, म्हणून घरातही त्यांनी टेबल तसंच लावलं होतं आणि त्यापायी मीटरभाऊंची खाट दारात आडवी आली होती. मीटरभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. पाणीखात्यात मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा हा सज्जन माणूस चौतीस वर्षं एका अशा बाईबरोबर राहिला जिच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नसायची.

"आमच्याकडे पालेभाजी आधी ओळखतात, मग निवडतात," मीटरभाऊ सांगायचे. "पानाला भोक दिसलं की ही भिंग आणते. म्हणते, हे अळीचं नाही, भुंग्याचं. मी म्हणतो, बाई गं, कुणी का खाईना, आपल्यालाही खाऊ दे."

दुसरा नियम असा की दिसतं तेवढंच काढायचं. पानाला भोक असेल तर भोक काढायचं, मिशी तुटलेली असेल तर तुटकी काढायची. आमच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिने हौसेने आपल्या आईला बाईंपुढे नेऊन बसवलं आणि "काढा हो वहिनी, एकसष्टीला भेट द्यायचंय" म्हणाली. बाईंनी दोन रविवार घेतले. चित्र आलं ते अर्धंच, चेहऱ्याची डावी बाजू फक्त. हनुवटीवरचा चामखीळ आणि त्यावरचे तीन केस मात्र वेगळे, मोठे करून कोपऱ्यात काढलेले, खाली मोजमापासह.

"आणि उरलेला अर्धा?" बायकोने विचारलं.

"तो तसाच असतो," बाई म्हणाल्या. "आरपार दिसणारा कागद ठेवायचा, डावी बाजू गिरवायची, कागद उलटा करून उजवीकडे उमटवायची. पण तुमच्या आईंचा उजवा कान वर आहे. तेव्हा म्हटलं, विचारल्याशिवाय उमटवू नये."

सासूबाई त्यानंतर आमच्याकडे पाच महिने आल्या नाहीत. त्या चित्राचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पण सांगायचा मुद्दा वेगळा. उमटवायच्या आधी विचारायची ही सवय बाईंना जन्मजात नव्हती. ती त्या पायाने लावली.

झालं होतं असं. त्यांच्या संग्रहालयाची शान म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची रंगीत चित्रांची चामडी बासनं. एकेका चित्रात एक रानटी झाड आणि त्यावर जगणारा किडा. काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हजेरीपटात नुसतं "चित्रकार, पगारी". बाई बाविसाव्या वर्षी कामाला लागल्या तेव्हा ती चित्रं फिकट पडत चालली होती, म्हणून त्यांच्या नकला करायचं काम त्यांच्याकडे आलं. चित्र क्रमांक एकेचाळीस. एक निळ्या फुलांची रानवेल, आणि तिच्यावर चढणारा काळा भुंगा. भुंग्याला पाय पाच.

बाई ते चित्र घेऊन वरच्या टेबलाकडे गेल्या. तिथे एक नवेकोरे अधिकारी बसले होते, वय पंचवीस, भांग एका बाजूला, पेन खिशाला. आपण त्यांना साहेबच म्हणू, कारण पुढे ते संचालक झाले आणि तेव्हापासूनच स्वतःला तसं समजत होते.

"साहेब, याला पाचच पाय आहेत."

"किड्यांना सहा असतात," साहेब म्हणाले.

"हो, पण उजवा मागचा इथे काढलेला नाही."

"विसरला असेल तो पगारी. तुम्ही घाला. संध्याकाळी छापायला जायचंय."

नमुना, म्हणजे चित्रातला मूळ भुंगा, पेटीत होता. पेटीची किल्ली कारकुनाकडे होती. कारकून बहिणीच्या लग्नाला गेला होता. बाविसाव्या वर्षी साहेबाला "थांबा" म्हणायचं धाडस कुणाला असतं? बाईंनी डावी बाजू गिरवली, कागद उलटा केला, उजवीकडे ठेवला आणि शाईने सहावा पाय उमटवला. घाईत कागद बोटभर सरकला होता. मागच्या पायाच्या जागी मधला पाय उमटला. डावीकडे मागचा पाय लांब, सडपातळ. उजवीकडे मागचा पाय आखूड, जाडजूड, त्यावर तीन काटे.

बाईंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. चित्र आदल्या संध्याकाळीच गेलं होतं.

इथवर ही साधी चूक आहे. अशा चुका तुम्हीआम्ही रोज करतो आणि त्यांच्यावर चहा पितो. पण बाईंच्या चुकीचं नशीब मोठं. वर्षाभराने साहेबांनी ती छापील नक्कल पाहिली. मूळ चित्र नाही, नमुना नाही, नक्कल. त्यांच्या चाणाक्ष नजरेला दिसलं की या भुंग्याचे मागचे दोन पाय असमान आहेत! जगात असा भुंगा नाही! साहेब महिनाभर जेवणावरून उठून उठून विचार करत होते म्हणतात. मग त्यांनी सिद्धांत मांडला. ही वेल उजवीकडून डावीकडे वळसे घेत चढते. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूने गोल गोल चढून भुंग्याचा आतल्या बाजूचा पाय आखूड झाला. चाळीस पानांचा निबंध झाला. नवी जात जाहीर झाली. जातीला साहेबांचं नाव लागलं, तेही साहेबांनीच सुचवलं.

निबंधाची चित्रं काढायला अर्थातच बाईंना बोलावलं. तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं एकमेव माणूस म्हणजे बाई, कारण त्यांना वाचावाच लागला. बाराव्या पानावर त्यांच्या हातातली निब थांबली. त्या उठून साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तो पाय खरा नाही. मी काढलाय."

"मग तुम्हीच काढलाय. चित्रकार आहात तुम्ही."

"तसं नाही. म्हणजे तो भुंग्याचा नाही. माझा आहे."

साहेबांनी मान वर केली, मंद हसले आणि म्हणाले, "श्रेय हवंय का? शेवटच्या पानावर आभार मानू."

मानले. "रेखाटनासाठी आमच्या कार्यालयातील कर्मचारी वर्गाचे आभार."

तेव्हापासून बाई दर दोन-तीन वर्षांनी प्रयत्न करत राहिल्या आणि साहेब दर दोन-तीन वर्षांनी बढती घेत राहिले. त्या असमान पायांच्या भुंग्यावर ते एकेक पायरी चढत गेले. भुंगा संग्रहालयाच्या लेटरहेडवर आला, शिक्क्यावर आला. मधल्या काळात कुणीतरी नमुन्याची पेटी उघडली. आत टाचणी होती, चिठ्ठी होती आणि मध्ये चिमूटभर पूड. संग्रहालयातल्या किड्यांना संग्रहालयातले किडेच खातात, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे. साहेबांना हायसं वाटलं असावं, कारण त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली.

छत्तीस वर्षांत त्या जातीचा दुसरा भुंगा कुणाला सापडला नाही. शहाण्या माणसाने यातून काय समजावं? साहेबांनी "अतिदुर्मीळ" असं समजलं. त्याच्या रक्षणासाठी समिती नेमली. अध्यक्ष साहेब. समितीच्या एकवीस बैठका झाल्या. भुंगा कोणत्याच बैठकीला आला नाही.

आणि आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर तीच निळ्या फुलांची रानवेल फोफावलेली. तिच्यावर डझनभर काळे भुंगे, सगळ्यांचे मागचे दोन्ही पाय लांब आणि सारखे. बाईंनी मला एकदा तिथे उभं करून दाखवले.

"हा आहे तो, भाऊजी. साधा भुंगा. चित्र एकेचाळीसमध्ये हाच होता, फक्त एक पाय तुटलेला. त्या बिचाऱ्या चित्रकाराने तुटका तो तुटका काढला. आणि मी शहाणी, त्याला सुधारायला गेले."

"जाऊ द्या ना वहिनी," मी म्हणालो. "कुणाचं काय बिघडलं? साहेब खूश, समिती खूश, भुंगा मेलेला."

बाईंनी भिंग खाली केलं. त्या रागावत नसत, पण त्या दिवशी आवाज चढला. "माझ्या हातून पाच हजार चित्रं गेली असतील. त्यातलं हे एक खोटं. आणि लोकांच्या लक्षात राहिलंय तेवढंच. पोरांच्या पुस्तकात आहे ते! मला नाव नको काही नको. चित्राखाली एक ओळ हवी, हा पाय नमुन्यात नव्हता. ती न टाकता मी त्या दारातून बाहेर पडणार नाही."

दार बंद व्हायला तीन महिने होते. त्याच तीन महिन्यांत संग्रहालयाची शंभरी येत होती आणि त्या निमित्ताने सगळ्या जुन्या चित्रांचा जाडजूड ग्रंथ निघणार होता. बाईंना शेवटचं काम तेच मिळालं, छपाईसाठी चित्रं तयार करायची. म्हणजे ओळ टाकायची तर आत्ताच. एकदा ग्रंथ छापला की पुढची शंभर वर्षं तो पाय कुणी काढून टाकू शकणार नव्हतं.

साहेब तोवर एकसष्ट वर्षांचे, दोनदा मुदतवाढ घेऊन बसलेले. तिसरी मागितलेली होती आणि ती ग्रंथाच्या समारंभात जाहीर होईल अशी कुजबुज होती. बाईंनी रीतसर अर्ज केला. चित्र क्रमांक एकेचाळीस मूळ पाच पायांसह छापावं, अन्यथा खाली खुलासा द्यावा. अर्जावर शेरा आला, "शताब्दी ग्रंथात खुलासे शोभत नाहीत." दुसरा अर्ज केला. शेरा आला, "पूर्वीचा शेरा पाहावा." तिसऱ्या अर्जानंतर साहेबांनी बैठक बोलावली. बैठकीत उपसंचालक होते, छपाईवाला होता, आणि चहा होता. बैठकीची हकिकत छपाईवाल्याने मला सांगितली. तो आमच्या बायकोचा मावसभाऊ लागतो, तेव्हा तिखटमीठ असलंच तर घरचं आहे.

"बाई," साहेब म्हणाले, "हा भुंगा या संस्थेचा मानबिंदू आहे. त्याचा पाय तुम्ही तोडायला निघालात?"

"तुटलेलाच आहे तो, साहेब. मूळ चित्र लोखंडी कपाटात आहे. काढून दाखवू?"

"जुन्या चित्रांना वारं लागू नये," उपसंचालक घाईघाईने म्हणाले. त्यांनी ते कपाट कधी उघडलं नव्हतं, पण साहेबांचं मन उघडं पुस्तक होतं.

"ते काही नाही. पाय राहणार. संपूर्ण राहणार. माझा तसा लेखी आदेश आहे असं समजा."

"लेखी द्या, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे लिहिलं, "पाय राहावा."

बाईंनी कागद वाचला. "राहील. रेघ कोणत्या पद्धतीची काढायची तेवढं मी ठरवू ना?"

"अहो, रेघेत आम्ही कधी ढवळाढवळ केलीय का? तुमचा प्रांत तो." आणि उदार मनाने त्यांनी त्याच कागदावर आणखी एक वाक्य लिहिलं, "रेघेची पद्धत चित्रकाराने ठरवावी." खाली सही, तारीख, शिक्का. शिक्क्यावर भुंगा.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही तोवर माहीत नव्हती. जो भाग नमुन्यात आहे तो सलग रेघेने काढतात. जो भाग नमुन्यात नाही, तुटलाय, हरवलाय, चित्रकाराने नुसता अंदाजाने भरलाय, तो तुटक ठिपक्यांच्या रेघेने काढतात. या लोकांत हा नियम इतका जुना आहे की त्याचा अर्थ विचारणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ कशाला घालतात असं विचारण्यासारखं. आणि ज्याला तो माहीत नसेल त्याच्यासाठी अशा प्रत्येक ग्रंथात सुरुवातीला एक पान असतं, "चित्रं कशी पाहावीत". ते पान बाईंनीच लिहिलं. सात ओळी होत्या. चौथी ओळ अशी होती, "ठिपक्यांची रेघ: हा भाग नमुन्यात नव्हता, चित्रकाराने आपल्या मनाने काढला आहे."

हे पान साहेबांच्या प्रस्तावनेच्या अगदी समोर छापलं जाणार होतं. लपवाछपवी काही नाही. साहेबांनी प्रस्तावना सतरा वेळा वाचली. समोरचं पान एकदाही नाही.

बाईंनी एकेचाळिसावं चित्र मूळ बासनावरून पुन्हा पहिल्यापासून काढलं. सहा आठवडे. रोज संध्याकाळी मीटरभाऊ मला जिन्यात बातमीपत्र द्यायचे. "आज वेलीचं तिसरं पान झालं, भोकांसकट." "आज मिशा." शेवटी एका रविवारी म्हणाले, "आज पाय. पाच झाले. सहाव्याला ठिपके देतेय. जेवायला उठत नाहीये. म्हणते, ठिपक्यांत सारखं अंतर पडायला हवं, उद्या कुणी म्हणायला नको की हात थरथरला."

रंगीत नमुनाप्रत घेऊन बाई आणि छपाईवाला साहेबांच्या टेबलाशी गेले. साहेबांनी चष्मा लावला. चित्र दूर धरलं, जवळ धरलं. ठिपक्यांच्या पायावर बोट ठेवलं.

"वा!" साहेब म्हणाले. "हलतोय!"

"अं?" बाई.

"पाय हलतोय! चढताना जो उचलतो तो क्षण तुम्ही पकडलाय. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माझा सिद्धांत कळला, बाई."

उपसंचालकांनी मान वाकडी करून पाहिलं. "हलतोय, साहेब. जरा वेळ पाहिलं तर कागदाबाहेर जाईल असं वाटतं."

"साहेब," बाईंना राहवलं नाही, "ठिपक्यांचा अर्थ पहिल्या पानावर दिलाय. एकदा नजर घाला."

"कलेचा अर्थ समजावायचा नसतो," साहेब म्हणाले आणि नमुनाप्रतीवर सही केली.

बाईंनी त्या दिवशी घरी येऊन मीटरभाऊंना सांगितलं, "मी तोंडाने सांगितलं, हाताने लिहिलं, चित्रात दाखवलं. आता आणखी किती सांगू?" मीटरभाऊ म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांना मीटर दाखवत होतो. माणसं आकडा बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात." त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं, कारण त्यानंतर दोन दिवस ते मला जिन्यात गाठून तेच ऐकवत होते.

समारंभाला मी गेलो. मीटरभाऊंना सोबत हवी होती आणि मला जागा पुढची हवी होती. सभागृहात खुर्च्या, हार, माईकची शिट्टी, सगळं जागच्या जागी. बाई सहाव्या रांगेत, कर्मचारी वर्गात, म्हणून शेवटी आम्हीही तिथेच. त्यांचा नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता. प्रमुख पाहुण्या म्हणून बाहेरगावच्या एक वृद्ध प्राध्यापिका आल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, पर्समध्ये स्वतःचं भिंग. ते भिंग पाहताच बाईंनी मीटरभाऊंचा हात धरला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत, असं मीटरभाऊ सांगतात.

प्रकाशन झालं. फीत सुटली, ग्रंथ उंच धरला, फोटो निघाले. मग साहेबांचं भाषण. वेल, वळसे, आखूड पाय, संस्था, त्याग. बत्तीस मिनिटं. एवढ्या वेळात त्या वृद्ध प्राध्यापिकांनी जे केलं ते व्यासपीठावर बसलेला माणूस कधी करत नाही. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सात ओळी वाचल्या. मान हलवली. पानं उलटत गेल्या. एकेचाळिसाव्या चित्राशी थांबल्या. भिंग काढलं. परत पहिल्या पानावर आल्या. परत एकेचाळीस. माझ्या शेजारी मीटरभाऊ देवाचं नाव घेत होते. कोणत्या देवाचं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

त्या बोलायला उभ्या राहिल्या.

"मी फार ग्रंथ पाहिले," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसांच्या चुकाही पाहिल्या. मोठी माणसं चुका झाकतात, मरेपर्यंत झाकतात. पण आज मी एक गोष्ट पहिल्यांदा पाहते आहे. ज्या पायावर यांची नवी जात उभी होती, तो पाय नमुन्यात नव्हताच, हे यांनी स्वतःच्या ग्रंथात, स्वतःच्या सहीने, ठिपक्यांच्या रेघेत छापलंय. म्हणजे ती जात नाहीच. आपल्या नावाची जात आपल्या हाताने पुसायची! एवढा मोठेपणा कुठे पाहायला मिळतो? टाळ्या वाजवा यांच्यासाठी."

कर्मचारी वर्गातून पहिली टाळी पडली आणि सभागृह कडाडलं. साहेब उभे. चेहरा आधी लाल, मग पांढरा. हार गळ्यात. टाळ्या थांबेनात. काय करतील? हात जोडले. वाकले. मग लोक उठून उभे राहिले, तेव्हा आणखी वाकले. प्रामाणिकपणाचा एवढा जबर मार खाताना मी माणूस पाहिला नव्हता. उपसंचालक सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते. त्यांना वाटलं असावं की मुदतवाढ जाहीर झाली.

मुदतवाढ काही झाली नाही. ज्यांनी ती जाहीर करायची ते वरच्या खात्यातले बडे पाहुणे माईकवर येऊन म्हणाले, "इतक्या उंचीवर पोहोचल्यावर निवृत्त होणं हेच खरं मोठेपण," आणि खाली बसले.

चहाच्या वेळी मी मुद्दाम बाईंच्या जवळ उभा राहिलो. मला बिस्किट हवं होतं, असं धरून चाला. साहेब गर्दीतून वाट काढत आले. हार तसाच गळ्यात होता, लोक अजून हात मिळवत होते, ते हसत हसत हात मिळवत होते आणि बोलताना दात घट्ट आवळत होते.

"बाई, हे काय करून ठेवलंत?"

"तुमचा लेखी आदेश आहे, साहेब. पाय ठेवलाय."

"छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं तो भुंगा माझ्या नावावर होता. आता त्याचं काय व्हायचं?"

बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला.

"भुंग्याचं काही अडत नाही, साहेब. तो पाच पायांवरही चालतो. तुमचं तुम्ही बघा."